उद्वर्तन, पावडरचा डबा आणि जवाची भाकरी : वजनासाठी वर्षभर काय काय केलं त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा एका दुकानाचा रिव्ह्यू नाहीये, तीन ठिकाणांचा आहे. मागच्या वर्षभरात वजन कमी करायला मी तीन ठिकाणी पैसे दिले आणि तिन्ही ठिकाणी पाटीवर नाहीतर डब्यावर "आयुर्वेदिक" किंवा "हर्बल" लिहिलेलं होतं. पहिलं आमच्याकडच्या मेन रोडवरचं पंचकर्म सेंटर, दुसरा घरपोच आलेला पावडरचा डबा आणि तिसरं पुण्यातल्या पेठेतलं जुनं धर्मादाय आयुर्वेद रुग्णालय, जिथे कॉलेजची मुलं शिकायला असतात. नावं कुणाचीच देत नाही, कारण असं सेंटर आणि असा डबा तुमच्याही गावात असणारच, नाव कळून उपयोग नाही, काय बघायचं ते कळलं पाहिजे.

माझं वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, सुरुवातीचं वजन ८४ किलो २०० ग्रॅम. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४ च्या आसपास येत होता आणि आपल्याकडच्या लोकांसाठी २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, त्यामुळे "थोडं अंग आहे" वगैरे म्हणायची सोय राहिली नव्हती. थायरॉइडची गोळी पाच वर्षं चालू आहे. आईचे दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदलले, ते सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि गेल्या पावसाळ्यात ऑफिसचा जिना उतरताना माझा उजवा गुडघा तस्साच दुखायला लागला तेव्हा मी खरंच घाबरले.

तर सेंटर. २१ दिवसांचं पॅकेज, २४ हजार रुपये, रिसेप्शनवरच्या मुलीने फाइल उघडून आधीचे-नंतरचे फोटो दाखवले आणि सहा ते आठ किलो नक्की जाणार असं सांगितलं. रोज ४५ मिनिटं उद्वर्तन, मग वाफ, आणि घरी घ्यायला चूर्ण-गोळ्यांचा किट.

उद्वर्तन ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा तेलाचा मसाज नव्हे, कोरड्या चूर्णाने चोळणं असतं. माझ्या वेळी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पीठ आणि त्रिफळा होतं. चोळणाऱ्या मावशी कोमट केलेलं चूर्ण मुठीत घेऊन पावलापासून वर, लव ज्या दिशेला असते त्याच्या उलट, दाबून चोळत न्यायच्या. पहिल्या दिवशी खरखरीत वाटतं, पोटऱ्या लाल होतात, खोलीभर भाजलेल्या कुळथासारखा वास येतो, मी माहेरची कोकणातली त्यामुळे मला त्या वासाने एकदम आईचं स्वयंपाकघरच आठवलं. चार-पाच दिवसांत शरीराला सवय होते आणि मग जे हलकं वाटतं ना ते खोटं नाही, सकाळी उठताना अंग आंबलेलं असायचं ते थांबलं, कातडी इतकी मऊ झाली की मुलीने हात लावून विचारलं काय लावतेस म्हणून. त्या मावशींना मी शंभरपैकी शंभर मार्क देईन. बारा तास उभ्या राहून दिवसाला सात-आठ बायकांना चोळायच्या, मनगटाला क्रेप बँडेज बांधून, आणि तरी हाताला घाई नाही.

घोळ होता तो काट्याचा. वजन रोज व्हायचं, पण वाफेच्या पेटीतून बाहेर आल्या आल्या, घाम पुसून, पाणी प्यायच्या आधी. पहिल्याच दिवशी "ताई, ६०० ग्रॅम गेले बघा" म्हणून कार्डावर लिहिलं. ते घामाचं पाणी होतं, घरी येऊन दोन ग्लास पाणी आणि जेवण झालं की वजन जिथल्या तिथे. टेपचं पण तेच. पहिल्या दिवशी पोट सैल सोडायला लावून बरोबर बेंबीवर मोजलं, आठव्या दिवशी टेप बेंबीच्या दोन बोटं वर होता आणि वर "श्वास आत घ्या" म्हणाल्या. मी म्हटलं अहो खाली मोजा, तर म्हणे आमची पद्धत हीच आहे. वाफेच्या आधी वजन करा म्हटलं तर तेही नाही केलं.

२१ व्या दिवशी त्यांच्या कार्डावर ५ किलो ४०० ग्रॅम कमी. त्याच दिवशी सकाळी घरच्या काट्यावर, रोज ज्या वेळी करते त्या वेळी, मी ८२ किलो ९०० होते. म्हणजे खरं गेलं ते १ किलो ३००. तेही का गेलं तर किटबरोबर जो कागद होता त्यात रात्री फक्त मुगाचं कढण लिहिलं होतं आणि मी ते २१ दिवस प्रामाणिकपणे पाळलं होतं. पॅकेज संपलं, कढण सुटलं, दीड महिन्यात परत ८४. २४ हजारांचं मला वाईट वाटतं कारण त्यात मुलीच्या क्लासचा एक हप्ता पुढे ढकलला होता.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. आपल्याकडे १९५४ पासून औषधं आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींबद्दल कायदा आहे, आणि ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे त्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणजे हे घ्या आणि इतके किलो घालवा असं औषधाच्या जाहिरातीत छापलेलं दिसलं की तिथेच कायद्याची पायमल्ली चालू आहे हे ओळखायचं.

आता डबा. हा माझ्या जाऊबाईंनी त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मागवला, दोन घेतले की स्वस्त म्हणून एक मला दिला, २२०० रुपये. पांढरा प्लास्टिकचा डबा, वर हिरवं पान, "१०० टक्के हर्बल, नो साइड इफेक्ट", सकाळी उपाशीपोटी एक चमचा गरम पाण्यात. आणि मी खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवसापासून भूक गेली. दुपारचा डबा उघडायची इच्छाच होईना. मला वाटलं हेच ते, इतके दिवस हेच शोधत होतो.

तिसऱ्या दिवसापासून तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटायची. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत टक्क डोळे. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत स्वतःच्या छातीची धडधड ऐकू यायची. सहाव्या दिवशी जाऊबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं मला पण होतंय, पण दोन किलो गेलेत माझे, थोडे दिवस काढ." नवव्या दिवशी ऑफिसमध्ये पायऱ्या चढून गेले आणि घाम फुटला, हात थरथरायला लागले, तेव्हा सरळ आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. बीपी १५६/९८. माझं बीपी आयुष्यात कधी १२०/८० च्या फार पुढे गेलेलं नाही. डॉक्टरांनी डबा बघायला मागितला आणि फिरवून फिरवून बघितला, मग म्हणाले आजपासून बंद, आणि घरात दुसरं कुणी घेत असेल तर त्यांचंही बंद.

त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांना कळायला हवं. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं, वजनाची गोळी म्हणून अधिकृत विकलं जायचं. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बाजारातून काढलं आणि २०११ मध्ये भारतात बंदी आली. पण वेगवेगळ्या देशांतल्या औषध प्रशासनांना "हर्बल", "नॅचरल" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंगच्या पावडरी, कॉफी, कॅप्सूलमध्ये हेच औषध गुपचूप मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलंय. माझा डबा लॅबला गेलेला नाही त्यामुळे त्यात तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण साधं पाल्यापाचोळ्याचं चूर्ण सहसा एका दिवसात भूक मारत नाही आणि झोप उडवत नाही, एवढं आता मला कळतं. डबा बंद केल्यावर पाच दिवसांत धडधड थांबली, बीपी दहा-बारा दिवसांत जागेवर आलं.

डॉक्टर डब्यावर काय शोधत होते ते पण विचारून घेतलं. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, "आयुर्वेदिक औषध" हे शब्द आणि आत काय काय किती आहे ते असावं लागतं. आमच्या डब्यावर यातलं एकही नव्हतं. फक्त एक मोबाईल नंबर, तोही आता लागत नाही.

मध्येच कोकमाचं सांगते कारण भाच्याने त्याच सुमारास गार्सिनियाच्या कॅप्सूल आणल्या होत्या. गार्सिनिया म्हणजे कुणी परका नाही, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, आणि आपलं कोकम तिचं सख्खं भावंड, दोघांच्या सालीत तेच आंबट द्रव्य असतं ज्याच्यावर या कॅप्सूल विकतात. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे बघितलं होतं, कॅप्सूलवाल्यांचं सरासरी ३.२ किलो गेलं आणि ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांचं ४.१. दोघांनाही खाण्याचं पथ्य होतं, काम त्याने केलं. भाच्याला म्हटलं पैसे फुकट घालवू नको, आजीकडून कोकमाचं आगळ आण आणि सोलकढी पी, पण वजनासाठी म्हणून नको, जेवण चांगलं लागतं म्हणून पी. आणि बाटलीतलं कोकम सरबत तर नकोच, त्यात साखरच जास्त असते.

या सगळ्यानंतर मी आयुर्वेदाचं नाव काढायची नाही असं ठरवलं होतं. पण ऑफिसमधल्या एका ताईंनी फार मागे लागून पेठेतल्या त्या धर्मादाय रुग्णालयात पाठवलं आणि आज मी हे लिहितेय ते खरं म्हणजे त्या ठिकाणासाठी.

जुनी दगडी इमारत, लाकडी बाकं, केसपेपरला किरकोळ पैसे. गर्दी असते, पहिल्या दिवशी दीड तास बसले, त्याची तयारी ठेवून जा. आधी एक शिकाऊ मुलगी बसली माझ्यासमोर, तिने चाळीस मिनिटं विचारलं. सकाळी पोट साफ होतं का, तहान किती, घाम कुठे येतो, दुपारी झोपता का, किती वाजता जेवता, जेवताना टीव्ही असतो का. मग मोठ्या वैद्य मॅडम आल्या. त्यांनी नाडी बघायच्या आधी थायरॉइडचा रिपोर्ट मागितला, तो सात महिने जुना निघाला तर म्हणाल्या आधी हा परत करून या, त्याशिवाय मी काही देणार नाही. मला तिथेच विश्वास वाटला. रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइड नीट चालतंय का ते दाखवणारा आकडा) वाढलेलं निघालं, गोळीचा डोस आमच्या डॉक्टरांनी वाढवला, आणि मगच यांचं सुरू झालं. सेंटरमध्ये २४ हजार घेताना कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

मी त्यांना सेंटरचं सगळं सांगितलं. मॅडम चिडल्या नाहीत, म्हणाल्या, "उद्वर्तन चांगलंच आहे हो, पण ते कुठे लिहिलंय ते बघा ना. दिनचर्येत लिहिलंय. व्यायाम झाला की उद्वर्तन आणि मग आंघोळ. तुम्हाला त्यातला व्यायाम काढून उरलेलं विकलं." आणि मग चरकसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागातल्या एकविसाव्या अध्यायाबद्दल सांगितलं, अति जाड आणि अति बारीक माणसांबद्दलचा तो अध्याय आहे. त्यात जाड माणसासाठी असं अन्न सांगितलंय जे पोटात जड राहील, लवकर भूक लागू देणार नाही, पण अंगाला पोसणार नाही. म्हणजे जव, हुलगे, मूग, ताक असलं. हजारो वर्षांपूर्वी माणसाने भुकेचा विचार करून ठेवलाय हे ऐकून मला भारी वाटलं, कारण आजवर मला सगळ्यांनी फक्त कमी खा सांगितलं होतं आणि कमी खाऊन रात्री अकरा वाजता मी फरसाण शोधत फिरायचे.

मधाचंही तिथेच कळलं. मी कित्येक वर्षं सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेत होते. मॅडम म्हणाल्या मध स्थूलतेत सांगितलाय खरा, पण गरम पाण्यात घालायला ग्रंथांनीच मनाई केलीय, आणि रोज मोठा चमचाभर मध म्हणजे साठेक कॅलरी तुम्ही वजन कमी करायच्या नावाने वाढवताय. ते बंद झालं.

मला दिलं काय तर : उद्वर्तनाच्या १४ सिटिंग, २०० रुपयाला एक. तेच हुलगा-त्रिफळा, पंख्याची खोली, लाकडी टेबल, स्टीलचं भांडं. एसी नाही, बासरी नाही. पण त्यांनी आधीच सांगितलं की याने चरबी जाणार नाही, अंग मोकळं होईल आणि तुम्ही चालायला लागाल म्हणून देतेय. आणि खरंच, दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याचं जखडणं कमी झालं तेव्हा तळजाईच्या टेकडीवर चालायला सुरुवात केली, आधी पंधरा मिनिटं, आता पन्नास.

रात्री झोपताना अर्धा चमचा त्रिफळा कोमट पाण्याबरोबर, तेही सहा आठवडेच. हिरडा, बेहडा, आवळा हे त्यात असतं. पहिल्या आठवड्यात पोट एकदम साफ होऊन किलोभर कमी दिसतं, त्यावर उड्या मारू नका, ती चरबी नव्हे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि चूर्णं तिच्या जवळपास घ्यायची नाहीत हे त्यांनी दोनदा बजावलं. मी मेदोहर गुग्गुळ, म्हणजे वजनासाठीच्या गुग्गुळाच्या गोळ्या, मागितला होता, बाहेरच्या दुकानात सगळ्या बायका तोच घेत होत्या, तर तो त्यांनी दिला नाही, माझ्या अ‍ॅसिडिटीमुळे. वर सांगितलं की गुग्गुळाचं झाड राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातलं आणि आता नष्ट व्हायच्या मार्गावर आहे, तेव्हा फार स्वस्त गुग्गुळ मिळाला तर त्यात काय आहे याची शंका घ्या.

आणि बाकी सगळं जेवण. दुपारी झोप बंद, रात्रीचं जेवण साडेसातला, भात एकदाच, भाकरी जवाची.

या भाकरीवर मी महिनाभर झटापट केलीय म्हणून सविस्तर लिहिते. नुसत्या जवाच्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरा जातात आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे होतात. ज्वारी दोन वाट्या आणि जव एक वाटी असं एकत्र दळून आणायचं, गिरणीवाल्याला सांगायचं की गव्हावर दळू नको, बारीक दळ. पाणी उकळतं घ्यायचं, पीठ त्यात दहा मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग मळायचं, आणि मळायचं म्हणजे तळहाताच्या मुळाशी ओढून ओढून, तेव्हा कुठे ते धरतं. ही एक भाकरी, हुलग्याचं पिठलं, मुळ्याचा नाहीतर कांद्याच्या पातीचा पाला आणि पातळ ताक, हे दुपारी एकला खाल्लं की मला संध्याकाळी सहापर्यंत भूक लागत नाही. पोळी-भाजीला साडेतीनला बिस्किट लागायचं. हुलग्याचे शेंगोळे पण करते, पण तेलाची फोडणी एका चमच्यात बसवायची. पित्ताचा त्रास असेल तर हुलगे बेताने, मला आठवड्यातून तीनदाच सांगितलेत. आणि जवात ग्लुटेन असतं, ज्यांना गहू चालत नाही त्यांनी जव पण खाऊ नये.

सात महिने झाले. घरच्या काट्यावर ७७ किलो ४००. कंबर १०२ सेंटीमीटर होती ती ९३, आपल्या बायकांसाठी ८० च्या आत पाहिजे म्हणतात म्हणजे अजून बरंच जायचंय. दिवाळीच्या महिन्यात एक ग्रॅम हललं नाही, उलट ४०० वाढले, मॅडम म्हणाल्या चालणं सोडू नका, सोडलं नाही. गुडघा आता चढताना दुखत नाही, उतरताना थोडा दुखतो. सगळा मिळून खर्च केसपेपर, १४ सिटिंग आणि चूर्ण धरून चार हजाराच्या आत.

आता स्पष्ट मत. उद्वर्तन करायचं असेल तर अंग मोकळं व्हायला करा, आठवडा-पंधरा दिवस, स्वस्तात जिथे मिळेल तिथे, आणि गरोदर असाल किंवा कातडीला पुरळ, जखम, सोरायसिस असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय नको. सेंटरमध्ये गेलातच तर वजन वाफेच्या आधी करायला लावा, नाही म्हणाले तर पैसे भरू नका. कॉलेजला जोडलेलं आयुर्वेद रुग्णालय पुण्यातच आहे असं नाही, नाशिक, मुंबई, नागपूर, सांगली सगळीकडे आहेत, वेळ जातो पण शिकवणारे वैद्य बघतात.

जाऊबाईंनी डबा सोडायला अजून तीन आठवडे घेतले. त्यांचे चार किलो गेले होते ना, त्यामुळे ऐकत नव्हत्या. शेवटी मीच त्यांच्या घरी जाऊन बीपीचं मशीन लावलं, आकडा बघून भाऊजी उठले आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता दोघीजणी तळजाईवर जातो. दोन्ही डबे मी फेकलेले नाहीत, पिशवीत बांधून कपाटात ठेवलेत, पुढच्या आठवड्यात अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रारीबरोबर द्यायचेत. तुमच्याकडे असा बिनलायसन्सचा डबा असेल तर तुम्हीही फेकू नका, बिल किंवा पैसे पाठवल्याचा मेसेज असेल तर तोही जपून ठेवा.